एक चौरस मीटर जमीन, सहा आठवडे: मुलांसोबत घराबाहेरचा प्रकल्प कसा चालवायचा

होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते. हौसेने मुलांना बाहेर नेलं, पानं गोळा केली, तक्त्यावर चिकटवली, खाली नावं लिहिली, आणि आठवड्याभराने मुलांना त्यातलं काहीच आठवेना. मग घरात ठरून जातं की आपल्या मुलांना निसर्गाची आवडच नाही.

आवड असते, क्रम चुकलेला असतो. आधी विषय ठरतो, मग पुस्तक उघडतं, मग व्हिडिओ लागतो, आणि सगळं सांगून झाल्यावर मुलाला बाहेर नेऊन "बघ, हेच ते" म्हणून दाखवलं जातं. त्याने स्वतः शोधावं असं काही उरलेलंच नसतं. खालच्या पद्धतीत पुस्तक पाचव्या टप्प्यावर येतं, आणि कितीही मोह झाला तरी त्याला तिथेच राहू द्या.

पद्धत अशी: घराजवळची एक चौरस मीटर जमीन दोरीने आखायची आणि सहा आठवडे तोच चौकोन पाहायचा, मोजायचा. ही पद्धत साधारण 6 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवड्यातून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी पाऊण तासाची, एकूण सहा आठवडे.

## टप्पा 1: जागा ठरवा (मुलांना न घेता)

पहिली फेरी एकट्याने मारा. सुंदर जागा शोधू नका, जवळची शोधा. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असेल तरच आठवड्यातून तीनदा जाणं होतं. गाडी काढून जायची टेकडी कितीही छान असली तरी दुसऱ्या आठवड्यात ती सुटते.

जिथे दोन प्रकारची जमीन भेटते तिथे जास्त हालचाल दिसते: गवत संपून झाडी सुरू होते ती कड, भिंतीचा पायथा, झाडाच्या बुंध्याजवळ पालापाचोळा साचतो तो कोपरा. कातरलेली हिरवळ दिसायला छान, पण तिथे मुलांना पाहायला फार कमी मिळतं. जमलं तर दोन चौकोन निवडा, एक उन्हात आणि एक सावलीत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पुढे तुलना करायला हे फार उपयोगी पडतं.

जागा पाहताना एकदा गुडघ्यांवर बसा. मुलाचे डोळे त्या उंचीवर असतात. फुटलेली काच, काटेरी तार, उघडा खड्डा, मुंग्यांचं वारूळ, हे उभ्याने पाहताना नजरेतून निसटतं.

सावध: जागा सार्वजनिक असली तरी खुंट्या ठोकायची आणि सहा आठवडे दोरी बांधून ठेवायची परवानगी विचारून घ्या. राखीव वनक्षेत्रात तर काहीही हलवायच्या आधी नियम पाहाच. पक्ष्यांची पिसं, घरटी आणि अंडी उचलणं अनेक देशांत कायद्याने बंद आहे, घरटं रिकामं असलं तरी.

पाण्याच्या काठची जागा पहिल्या प्रकल्पासाठी घेऊ नका. पाण्याजवळ मोठ्या माणसाचं सगळं लक्ष मूल हाताच्या अंतरावर आहे ना, यात जायला हवं. मग निरीक्षणाकडे पाहायला कुणी उरत नाही.

## टप्पा 2: पिशवी भरा

सामान थोडं आणि प्रत्येक वेळी तेच. पिशवी दाराजवळ टांगलेली असावी, म्हणजे निघताना शोधाशोध होत नाही.

- प्रत्येक मुलासाठी जाड पुठ्ठ्याची, रेघा नसलेली वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पेनची शाई ओल लागली की पसरते.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, मीटरची टेप, साधा थर्मामीटर.
- चार बोथट खुंट्या आणि चार मीटरचा दोरीचा फेरा. गाठीसाठी वीतभर दोरी जास्त घ्या.
- मऊ ब्रश, पांढरं फडकं, झाकणाची पारदर्शक डबी.
- पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, प्रथमोपचाराची पेटी.

दोरीवर दर मीटरला रंगीत धागा बांधा. चार धागे चार खुंट्यांना अडकवले की एक चौरस मीटर तयार. पण दोरी ताणली म्हणजे चौकोन झाला, असं नाही. तो तिरका होतो आणि क्षेत्रफळ कमी भरतं. तपासायचं साधन सोपं आहे: समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी 141 सेंटिमीटर यायला हवं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खुंट्या सरकवत हे जुळवायला द्या. माझ्या मुलीला त्यात वीस मिनिटं लागली, आणि काटकोन म्हणजे काय ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

भिंगाची एक सवय घरीच लावा. मुलं भिंग वस्तूजवळ धरतात आणि डोळा लांब ठेवतात, मग सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याला अगदी लागून धरायचं आणि वस्तू, किंवा आपलं डोकं, हळूहळू जवळ आणायचं. भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि दर फेरीला पुन्हा सांगा.

तपासणी: निघण्यापूर्वी चार नियम मुलाकडून म्हणवून घ्या. ओळखीचं नसलेलं काही तोंडात घालायचं नाही. केसाळ सुरवंट आणि चीक येणारी झाडं हाताळायची नाहीत. मोठ्यांशिवाय दगड उचलायचा नाही. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की सामान तसंच टाकून घरात किंवा बंद गाडीत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली थांबणं हा पर्याय नाही.

## टप्पा 3: पहिला आठवडा, फक्त बघणं

या आठवड्यात काही शिकवायचं नाही. सर्वात जास्त प्रकल्प इथेच बिघडतात, कारण पालकांना गप्प बसवत नाही.

फेरीची वेळ शक्यतो तीच ठेवा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलात तर दिसणारे फरक दिवसाचे की वेळेचे, हे कळणार नाही. पोहोचल्यावर चौकोनाबाहेर बसा. सुरुवातीला सहा वर्षांचं मूल पाच मिनिटं, दहा वर्षांचं दहा मिनिटं शांत बसलं तरी पुष्कळ झालं. पहिल्या दोन मिनिटांत काहीच दिसत नाही. आपल्या पावलांच्या धक्क्याने सगळे दडलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पान हलतं. ते पान मुलानेच आधी बघायला हवं.

मग वही. पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, आकाश कसं आहे आणि थर्मामीटरचा आकडा. थर्मामीटर सावलीत धरा. उन्हात धरलेला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवत नाही. त्याखाली एका गोष्टीचं चित्र. संपूर्ण चौकोनाचं नको, एकच पान, एकच कीटक, एकच बी. चित्राशेजारी खरी लांबी दाखवणारी छोटी रेघ काढायला लावा आणि मिलिमीटर लिहायला सांगा. चित्र सुंदर झालं का, हे विचारू नका. "पायांचे सांधे किती होते?" हे विचारा. मूल पुन्हा बघायला जाईल.

दगड उलटायचा असेल तर मोठ्यांनी उलटायचा, तोही अशा रीतीने: पलीकडची कड धरून आपल्याकडे कलवायचा. म्हणजे खाली जे काही असेल ते आणि आपण, यांच्यामध्ये दगड आडवा राहतो. पाहून झाल्यावर तो होता तसाच, हळूच खाली ठेवायचा. त्याखालची ओल टिकली तरच तिथले जीव टिकतात. दगड उलटा टाकून निघून जाणं हा त्यांच्या घराचं छप्पर काढून जाण्याचा प्रकार आहे, आणि मुलांना हे शब्द लगेच समजतात.

नेहमीची चूक: "आई, हे काय आहे?" या प्रश्नाला लगेच नाव सांगून टाकणं. नाव मिळालं की बघणं थांबतं. "तुला काय काय दिसतंय?" असं उलट विचारा. पण मूल तिसऱ्यांदा विचारत असेल तर हाच प्रश्न पुन्हा फेकू नका, ते चिडतं आणि ते योग्यच आहे. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि "हे आपण पाचव्या आठवड्यात शोधणार" असं वचन द्या. ते पान जपा, पुढचा सगळा प्रकल्प त्यातून निघतो.

## टप्पा 4: प्रश्न निवडा आणि मोजा

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला शेवटचं पान उघडा. त्यावर दहा-पंधरा प्रश्न असतील, बहुतेक "का?"ने संपणारे. "का" हा चांगला प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर जमिनीवर बसून मिळत नाही, पुस्तकात मिळतं. म्हणून त्याला "किती", "कुठे", "कधी" किंवा "असं केलं तर काय होईल" या रूपात आणायचं. हे काम मुलासोबत बसून करा, एका संध्याकाळी, घाई न करता.

"मुंग्या रांगेतच का चालतात?" याचं होतं, "रांग मध्येच पुसली तर ती पुन्हा जुळायला किती वेळ लागतो?" 

"हे झाड किती वर्षांचं?" हे झाडाला इजा न करता नीट कळणार नाही. पण "किती उंच?" हे कळतं. सपाट जमिनीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा. तिची सावली 80 सेंटिमीटर आणि त्याच वेळी झाडाची सावली 6 मीटर 40 सेंटिमीटर असेल, तर झाड 8 मीटर उंच. दोन सावल्या एकाच वेळी मोजायच्या. मध्ये अर्धा तास गेला तर उत्तर चुकतं.

"इथली माती वेगळी का?" याऐवजी "दोन्ही चौकोनांतल्या मातीत वाळू किती?" उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि बरणी जागची हलवायची नाही. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थर फूटपट्टीने मोजता येतात.

निवडलेल्या प्रश्नाला तीन कसोट्या लावा. उत्तर याच जागेत मिळेल का? तीन आठवड्यांत मिळेल का? कुणाला इजा न करता मिळेल का? एकाही कसोटीला "नाही" आलं तर प्रश्न बाजूला ठेवा, मुलाला कितीही आवडलेला असो. आणि प्रश्न मुलाच्या पानावरचाच हवा. पालकाने सुचवलेला प्रश्न दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पालकाचाच गृहपाठ होऊन बसतो.

### मोजणीची मांडणी: एक पूर्ण उदाहरण

समजा मुलाचा प्रश्न असा निघाला: "दगडाखाली एवढे किडे का असतात?" त्याचं रूपांतर झालं: "ओल्या आडोशाखाली जास्त जीव येतात की कोरड्या?"

1. अंदाज आधी. मूल काय होईल ते घरी, पेनने लिहितं, म्हणजे नंतर खोडता येत नाही. अंदाज चुकला तर काही बिघडत नाही, हे आधीच सांगा. नाहीतर मुलं अंदाजाला जुळतील असे आकडे आणतात. हे अप्रामाणिकपणातून होत नाही, मोठ्यांना खूश करण्याच्या ओढीतून होतं.
2. एकच गोष्ट बदला. एकाच पुठ्ठ्याचे 20 सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. एक दहा मिनिटं पाण्यात भिजवा, दुसरा कोरडा. दोन्ही एकाच सावलीत, अर्ध्या मीटरच्या अंतरावर, वर सारख्या वजनाचा दगड. एक उन्हात आणि एक सावलीत ठेवला तर फरक ओलीमुळे पडला की उन्हामुळे, कुणीच सांगू शकणार नाही.
3. संध्याकाळी ठेवा, सकाळी उचला. या प्रयोगापुरती फेरीची वेळ बदलेल. उचलताना पांढरं फडकं शेजारी पसरा आणि पुठ्ठ्याला चिकटलेले जीव ब्रशने त्यावर घ्या. मोजा आणि तिथेच सोडा.
4. जागा अदलाबदल करा. दुसऱ्या फेरीत ओला पुठ्ठा कोरड्याच्या जागी. हे पाऊल बहुतेक जण गाळतात. त्याच जागेत आधीपासून जास्त जीव असतील तर? ही शंका मुलाने स्वतः काढली तर त्या दिवशी बाकी काही झालं नाही तरी चालेल.
5. निदान पाच फेऱ्या. पाऊस पडला किंवा दवाने कोरडा पुठ्ठा भिजला तर ती फेरी मोजायची नाही, पण वहीतून खोडायचीही नाही. "फेरी 3, रद्द, कारण पाऊस" असं लिहायचं आणि एक फेरी जास्त करायची.

समजा ओल्याखाली 9, 6, 11, 7, 8 आणि कोरड्याखाली 2, 0, 3, 1, 2 मिळाले. दहा वर्षांचं मूल सरासरी काढेल: 8.2 आणि 1.6. सहा वर्षांच्या मुलाला सरासरी नको. प्रत्येक जीवामागे एक खडा, ओल्याची एक रांग, कोरड्याची एक रांग. दोन रांगा शेजारी ठेवल्या की तोच स्तंभालेख. शून्य हाही आकडा आहे, रिकामी जागा नाही, हे दोघांनाही सांगावं लागतं.

तपासणी: दुसऱ्या फेरीनंतर वही बंद करून विचारा, "या वेळी आपण काय बदललं होतं?" मुलाने एकापेक्षा जास्त गोष्टी सांगितल्या तर मांडणी सुधारा आणि पहिल्यापासून सुरू करा. दोन दिवस गेल्याचं वाईट वाटू देऊ नका.

### मध्येच कंटाळा आला तर

तिसऱ्या आठवड्यात येतोच. नवीन सामान किंवा नवीन जागा हा त्यावरचा उपाय नाही. काम बदला: मोजणारा लिहील, लिहिणारा मोजेल. किंवा एक फेरी मोजणी बंद ठेवा आणि नुसतं बसा. आमच्याकडे अशाच एका सुट्टीच्या फेरीत मुलाने मुंग्यांच्या रांगेवरून ओलं फडकं आडवं फिरवलं. पुढच्या मुंग्या निघून गेल्या, मागच्या कडेशी येऊन अडल्या. शिंगं जमिनीला टेकवत एक डावीकडे गेली, एक मागे फिरली, तिसरी दुसरीला धडकली. तो पोटावर झोपून सेकंद मोजत होता. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी एक मुंगी पुसलेला पट्टा ओलांडून गेली आणि तिच्या मागून बाकीच्या. त्याने स्वतःहून आणखी चार वेळा ते केलं आणि पाचही वेळा लिहून ठेवल्या. मी एक शब्द बोलले नव्हते.

## टप्पा 5: आता पुस्तक

चौथ्या आठवड्याच्या शेवटी किंवा पाचव्यात शेवटचं पान पुन्हा काढा. आता मुलाकडे स्वतःचे आकडे आहेत, आणि "का" हा प्रश्न त्याला खरोखर टोचतो आहे. मुंग्या चालताना जमिनीवर रसायनाचा माग सोडतात आणि मागच्या मुंग्या शिंगांनी तो हुंगत जातात, हे वाक्य पहिल्या आठवड्यात वाचलं असतं तर विसरलं गेलं असतं.

ओळख पटवताना थेट जातीच्या नावावर उडी मारू नका. पाय मोजून गट पाडायला लावा. सहा पाय असतील तर बहुतेक कीटक. आठ असतील तर कोळी किंवा त्याचे नातलग. डिवचल्यावर गोळी होऊन बसणारा राखाडी जीव असेल तर बहुतेक चौदा: तो कीटक नाही, खेकडे आणि कोळंबीच्या गटातला आहे, त्याच्या श्वासालाही ओल लागते. आपल्या ओल्या पुठ्ठ्याखाली तो का जमला, याचं उत्तर इथे आहे. त्याहून जास्त पाय असतील तर शरीराचा एक खंड बघा. प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असेल तर गोम, बहुतेक खंडांना दोन जोड्या असतील तर वाणी. गोम चावते, तिला डबीतूनच पाहा. सुरवंट आणि इतर अळ्या या मोजणीत बसत नाहीत, त्यांना वेगळं पान द्या.

फोनवर ओळख सांगणारं ॲप वापरायचं तर मुलाने आधी गट ठरवल्यावर. ॲपचं उत्तर हा एक अंदाज असतो, दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय वहीत पक्कं लिहू नका. खातं मोठ्यांच्या नावाने ठेवा आणि घराजवळच्या जागेचं ठिकाण जाहीर दिसत नाही ना, ते पाहा.

## टप्पा 6: दुसऱ्या कुणाला तरी सांगणं

तक्ता हवाच असेल तर आता करा. पण ऐकणारा माणूस असा निवडा ज्याने जागा पाहिलेली नाही आणि ज्याला उत्तर ठाऊक नाही. त्याच्यासमोर मुलाने चारच गोष्टी सांगाव्यात: काय विचारलं, काय वाटलं होतं, काय केलं, काय निघालं. बिघडलेली फेरीही सांगायची. मध्येच अडखळलं तर पुढचा शब्द पुरवू नका, वही हातात द्या.

## टप्पा 7: आवराआवर आणि पालकांची नोंदवही

होमस्कूलिंगची नोंद किती आणि कुणाकडे द्यायची, याचे नियम देशागणिक, काही ठिकाणी प्रांतागणिक वेगळे आहेत. तुमच्याकडे लागत नसली तरी ठेवा. बऱ्याच जणांची चूक ही की विषयांचे रकाने आधी आखतात आणि मग मुलाचा दिवस त्यात कोंबतात. उलट करा. प्रत्येक फेरीनंतर त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहा: तारीख, किती वेळ, मुलाने प्रत्यक्ष काय केलं. विषय शेवटी वाटून टाका. कर्ण जुळवणं भूमितीत, खड्यांची रांग आणि सरासरी गणितात, चौदा पाय विज्ञानात, चार वाक्यांचं सांगणं भाषेत. महिनाभराने आठवून लिहायला बसलात तर "निसर्गभ्रमंती" या एका शब्दापलीकडे काही सुचणार नाही.

शेवटच्या फेरीला खुंट्या, दोरी, पुठ्ठे सगळं उचला आणि खुंट्यांची भोकं बुजवा. गवतातून आल्यावर दर वेळी करता तशी कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड आहे का ते पाहा, हात साबणाने वीस सेकंद धुवा. मग वहीचं शेवटचं पान उघडा, ज्या प्रश्नांना हात लागला नाही त्यांच्यापुढे गोल काढा आणि पुढची तारीख मुलाला लिहू द्या.